रानाची रोजकीर्द आणि संगणक

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, उमरखेड तालुक्यांत, ढाणकी हें बाजाराचें गांव आहे. येथून बिटरगांवच्या वाटेस लागलें म्हणजे कापसाचीं शेतें हळूहळू मागें पडतात आणि सागवानाचें रान सुरू होतें. या मुलखाला लोक ‘बंदीभाग’ म्हणतात. पुढें पैनगंगा वाहते. तिच्या एका तीरास यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या तीरास नांदेड. दोन्ही तीरांवरील मिळून सुमारें ३२५ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८६ पासून पैनगंगा अभयारण्य म्हणून राखलेलें आहे. तेथें रोही आहेत, सांबर, अस्वल, बिबट्या आहेत, वाघाचीही ये-जा आहे. आणि त्याच रानाच्या कुशींत आंध, गोंड, बंजारा आदि लोकांचीं गांवें आहेत. रान राखावें आणि माणसाला नाडूं नये, असें दुहेरी काम ज्यांच्या शिरावर येतें, त्यांना शहरांतून हल्लीं एक सल्ला वारंवार मिळतो: सर्व कारभार संगणकावर घाला, म्हणजे व्यवस्था आपोआप लागेल. या ‘आपोआप’ शब्दांत कितपत तथ्य आहे, आणि अशी प्रणाली खरोखर मांडावयाची म्हणजे काय करावें लागतें, तें पाहण्यासारखें आहे.

प्रकल्प-व्यवस्थापनाची संगणक-प्रणाली हें नांव जड असलें तरी कल्पना घरगुती आहे. लग्नघरांत एखादा अनुभवी वडीलधारा मनुष्य वही घेऊन बसतो. कोणतें काम कोणाकडे, तें कोणत्या दिवसापर्यंत व्हावयाचें, कोणत्या कामावांचून पुढचें काम अडतें आणि कशाला किती खर्च, हें सर्व त्या वहींत असतें. आचारी ठरल्याखेरीज वाणसामानाची यादी होत नाहीं, आणि पंगतींचा आंकडा कळल्याखेरीज आचारी ठरत नाहीं. ही वही एकाच्या खिशांत न राहतां सर्वांना एकाच वेळीं दिसावी, तारीख उलटली कीं तिनें स्वतःच आठवण द्यावी, एवढीच सुधारणा संगणक करतो. पूल, धरण, कारखाना यांच्या बांधकामांत अशा प्रणाली फार उपयोगी पडतात, कारण पूल पुरा झाला कीं नाहीं हें डोळ्यांना दिसतें. रानाचें तसें नाहीं. वनरक्षकानें वर्षभर इमानानें गस्त घातली, तिचें फळ काय? जें घडलें नाहीं तें. शिकार झाली नाहीं, वणवा पसरला नाहीं, झाड पडलें नाहीं. न घडलेल्या गोष्टीची नोंद कशी घ्यावी, ही या विषयांतील खरी अडचण आहे.

तिच्यावर जगांत दोन बाजूंनीं विचार झाला. संवर्धन-संस्थांच्या एका संघानें २००२ नंतर एकत्र बसून कामाची एक सामायिक रीत ठरविली आणि तिच्यासाठीं ‘मिराडी’ नांवाची प्रणाली तयार करविली. स्वाहिली भाषेंत या शब्दाचा अर्थ प्रकल्प असा होतो. हिच्यांत कामांची यादी पहिल्याच पानावर येत नाहीं. आधीं विचारलें जातें, राखावयाचें काय? मग, त्याला धोका कशाचा? त्या धोक्याच्या मागें कारण कोणतें? आणि अमुक उपाय केला तर धोका कमी होईल, असें मानण्यास आधार काय? हे प्रश्न साखळीसारखे एकमेकांत अडकविल्यावरच कामें, माणसें, तारखा आणि पैसा यांकडे वळावयाचें. दुसरी बाजू रोजच्या नोंदीची. युगांडा देशांत १९९० नंतरच्या दशकांत गस्तीच्या नोंदी संगणकांत घालण्याची पद्धति सुरू झाली. तिच्याच वाटेनें पुढें ‘स्मार्ट’ नांवाची, कोणासही मोफत मिळणारी प्रणाली निघाली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेंत लुई लीबेनबर्ग यांनीं ‘सायबरट्रॅकर’ रचली. कलहारीच्या वाळवंटांतील सान लोक माग काढण्यांत निष्णात. परंतु त्यांतील पुष्कळांना लिहितां-वाचतां येत नसे. म्हणून लीबेनबर्ग यांनीं यंत्राच्या पडद्यावर अक्षरांऐवजीं प्राण्यांचीं आणि खुणांचीं चित्रें ठेवलीं. ज्ञान अक्षरापाशीं येऊन अडूं नये, हें ज्याला सुचलें त्याला रानाचें मर्म कळलें होतें असें म्हटलें पाहिजे.

आपल्या देशाला या शहाणपणासाठीं मोठी किंमत मोजावी लागली. राजस्थानांतील सरिस्का येथें पंधराहून अधिक वाघ कागदोपत्रीं सुखानें नांदत होते. २००५ च्या आरंभीं उघडकीस आलें कीं रानांत एकही उरलेला नाहीं. शिकाऱ्यांनीं आपलें काम केव्हांच उरकलें होतें. वहीला मात्र त्याचा पत्ता नव्हता. त्या काळीं वाघांची गणना पावलांच्या ठशांवरून होई. ठसा ओळखण्यांत अनुभवी माणसाचीही चूक होते, आणि गेल्या वर्षींपेक्षां आंकडा कमी लिहिण्याचें धैर्य तर फार थोड्यांना असतें. सरिस्कानंतर केंद्र सरकारनें सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालीं कृतिगट नेमला, पुढें राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झालें, आणि त्या प्राधिकरणानें डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थानाच्या साहाय्यानें २०१० सालीं ‘एम-स्ट्राइप्स’ ही प्रणाली चालू केली. वनरक्षकाच्या हातांतील मोबाईल तो कोठून कोठें चालला याची रेघ नकाशावर उमटवितो. वाटेंत दिसलेला ठसा, विष्ठा, तोडलेलें झाड किंवा तारेचा फास यांची जागा आणि वेळ नोंदवितो. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेंत रानोरानीं लावलेल्या कॅमेऱ्यांनीं सुमारें साडेतीन कोटी छायाचित्रें टिपलीं. त्यांत वाघाचीं निघालीं ७६,६५१. एवढा ढीग नुसत्या माणसांच्या डोळ्यांनीं उपसणें अशक्य होतें. चित्रांतील प्राणी वेगळे काढणें आणि वाघाच्या पट्ट्यांची जुळणी करणें, हें काम संगणकाच्या मदतीनें झालें.

आतां समजा, बंदीभागासारख्या रानासाठीं अशी प्रणाली नव्यानें मांडावयाची आहे. बहुतेक ठिकाणीं आरंभ यंत्रें विकत घेण्यापासून होतो, आणि पुष्कळदां शेवटही तेथेंच होतो. वास्तविक पहिले कांहीं आठवडे कागद आणि पेन्सिल यांवरच काढावेत. ज्याला बीट म्हणजे नियतक्षेत्र नेमून दिलेलें आहे तो वनरक्षक, त्याचा वनपाल, वनमजूर आणि रानांतील गांवांचीं चार जाणतीं माणसें यांना एकत्र बसवून विचारावें: गेल्या उन्हाळ्यांत पाणी कोठें आटलें? आग कोणत्या अंगानें आली? जनावरें शेतांत कोणत्या महिन्यांत उतरतात? यांतून जे पांचसात प्रश्न निघतील, त्यांच्या उत्तरांपुरतीच माहिती यंत्रानें मागावी. नोंदीच्या तक्त्यांत चाळीस रकाने ठेवले तर दमलेला मनुष्य पहिले आठ भरतो आणि उरलेल्यांत मनाला येईल तें घालतो. तीं बत्तीस उत्तरें पुढें कोठेंतरी सरासरींत मिसळून अहवालांत दिमाखानें मिरवतात.

नांवांचा गोंधळ आधींच मिटवावा लागतो. वऱ्हाडांत ज्याला रोही म्हणतात तीच पुस्तकांतील नीलगाय. एकानें एक नांव लिहिलें, दुसऱ्यानें दुसरें, तर संगणक निमूटपणें दोन प्राणी मोजतो. तेव्हां प्रत्येक प्राण्याला एकच खूण द्यावी आणि तिच्याखालीं सर्व प्रचलित नांवें नोंदवावीं. तेंच पाणवठ्यांचें आणि नाल्यांचें. सरकारी नकाशावर ज्याला नुसता अंक असतो, त्याला गुराख्याच्या तोंडीं उत्तम नांव असतें. आणि रात्रीं-अपरात्रीं आगीची वर्दी येते ती त्याच नांवानें येते.

रानांत मोबाईलची लहर पोंचत नाहीं, मग हें सर्व चालणार कसें, अशी शंका शहरांत हटकून निघते. तिचें उत्तर सोपें आहे. आपण कोठें उभे आहों हें यंत्राला उपग्रहांच्या संकेतांवरून कळतें. त्याला दूरध्वनीच्या मनोऱ्याची गरज नसते. नोंद यंत्राच्या पोटांत साठून राहते. ढाणकीसारख्या बाजाराच्या ठिकाणीं आल्यावर ती पुढें पाठवितां येते. गरज असते ती विजेरीची, पावसांत यंत्र कोरडें ठेवणाऱ्या पिशवीची, आणि यंत्र बिघडल्यास त्याच आठवड्यांत दुसरें देणाऱ्या कचेरीची. अंदाजपत्रकांत या तीन गोष्टी सहसा आढळत नाहींत.

नोंदी येऊं लागल्या कीं त्यांचा अर्थ लावणें आलें. आणि येथें सुशिक्षित माणसेंही ठेंचाळतात. उदाहरणादाखल समजा, पहिल्या महिन्यांत १०० किलोमीटर गस्त झाली आणि १० फास सांपडले. दुसऱ्या महिन्यांत गस्त ३०० किलोमीटर झाली आणि १५ फास मिळाले. नुसता आंकडा पाहणारा साहेब म्हणेल, शिकार वाढली. वर्तमानपत्रही तेंच छापील. पण शंभर किलोमीटरांमागें पाहिलें तर प्रमाण दहावरून पांचावर आलेलें आहे. अधिक शोधलें म्हणून अधिक सांपडलें, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून काय मिळालें याच्याइतकेंच किती शोधलें हें नोंदविणें अगत्याचें असतें, आणि ‘आज कांहीं आढळलें नाहीं’ ही ओळ सर्वांत मोलाची ठरते. ती ओळ नसेल तर तो भाग निर्धोक आहे, कीं तिकडे कोणी फिरकलेंच नाहीं, हें सांगण्यास मार्ग उरत नाहीं. वनरक्षकाला मात्र रिकाम्या हातानें परत आल्याचा संकोच वाटतो. तो संकोच घालविणें हें शिकवणुकीचें पहिलें काम होय. बटणें दाबण्याची कला तो एका दुपारीं शिकतो.

याच्या उलट दोषही आहे. वरिष्ठांनीं किलोमीटर मोजावयास आरंभ केला कीं खालचीं माणसें किलोमीटरच चालूं लागतात. रेघ लांब व्हावी म्हणून सोपी गाडीवाट धरली जाते, आणि ज्या ओढ्याकांठीं फास लागण्याचा संभव अधिक, ती कांटेरी वाट मागें राहते. यावर उपाय असा कीं नकाशावर रानाचे लहान चौकोन पाडावे. देशव्यापी गणनेंत कॅमेरे लावण्यासाठीं दोन चौरस किलोमीटरांचा चौकोन घेतात, तोच येथेंही चालेल. महिन्याकांठीं कोणत्या चौकोनांत पाऊल पडलें नाहीं, एवढेंच पाहावें. मग चर्चा माणसाच्या आळसाविषयीं न होतां नकाशावरील रिकाम्या जागेविषयीं होते. यंत्र हा चाबूक आहे अशी समजूत एकदां झाली म्हणजे तें बंद पडण्याच्या नाना तऱ्हा निघतात, आणि त्या शोधून काढण्यांत माणसाची बुद्धि फार तल्लख चालते.

कामांच्या वेळापत्रकाचा कस लागतो तो वणव्याच्या ऋतूंत. महाराष्ट्रांत १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतात. त्याआधीं जाळरेषा, म्हणजे रानांत ठराविक पट्टे साफ करून व जाळून केलेल्या मोकळ्या वाटा, तयार व्हावयास हव्यात. पट्ट्यांतील गवत त्याआधीं कापून वाळविलेलें असलें पाहिजे. मजूर लागतील ते कापूस वेंचणीच्या ऐन दिवसांत मिळवावे लागतील. प्रणालींत तारीख मागून मोजीत आणली म्हणजे स्वच्छ दिसतें कीं काम नोव्हेंबरांत सुरू झालें नाहीं तर फेब्रुवारींत पुरें होणार नाहीं. पण सरकारी वर्ष एप्रिलांत सुरू होतें आणि मार्चांत संपतें. पैशाचा एखादा हप्ता वर्षअखेरीस येऊन पडला तर जाळरेषेच्या नांवें तो खर्ची पडतो खरा, परंतु तोंवर पानगळ होऊन आग लागून गेलेली असते. संगणक हा दोष दूर करूं शकत नाहीं. तो दरवर्षीं तारखेनिशीं दाखवून देतो. आणि वरच्या कचेरीशीं बोलतांना तारखांचा तक्ता हातीं असणें ही लहान गोष्ट नव्हे.

आग लागल्यावर आकाशांतूनही वर्दी मिळते. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांनीं टिपलेल्या आगीच्या जागा संदेशानें कळविते. हा संकेत सुमारें ३७५ मीटर लांबीरुंदीच्या चौकोनाचा असतो. आग त्यांत नेमकी कोठें, आणि ती रानांतील कीं शेतांत जाळलेल्या काडीकचऱ्याची, हें पायीं जाऊनच ठरवावें लागतें. प्रणालींत संकेत आल्याची वेळ, मनुष्य पोंचल्याची वेळ आणि तेथें काय आढळलें, अशा तीन नोंदी ठेवल्या तर दोन हंगामांत कळतें कीं कोणत्या ठिकाणीं पोंचण्यास उशीर होतो आणि पहारेकऱ्याची झोपडी कोठें हवी.

आतां त्या प्रणालीच्या दुसऱ्या टोकाकडे, रानांतल्या शेतकऱ्याकडे वळावें लागेल. एका रात्रींत रानडुकरें ज्वारी लोळवून जातात. तो अर्ज करतो, पंचनामा होतो, आणि नंतर त्याच्या हातीं वाट पाहणें उरतें. वाट पाहून थकलेला मनुष्य कधीं बांधावरील तारेंत वीज सोडतो. ती तार डुकरासाठीं असते, पण तिला वाघ ओळखतां येत नाहीं, आणि स्वतःचा शेजारीही. विदर्भांत अशा तारांनीं वाघ मेले आहेत, माणसेंही मेलीं आहेत. याच जिल्ह्यांत राळेगांव-पांढरकवडा भागांत २०१६ ते २०१८ या काळांत १३ माणसांच्या मृत्यूचा संशय ‘टी-१’ या वाघिणीवर आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजीं तिला गोळी घालण्यांत आली. कोणत्या ठिकाणीं, कोणत्या वेळीं, कोणत्या जनावरानें, या नोंदींना तेव्हां जीवनमरणाचें मोल येतें. तेव्हां वनरक्षकाच्या पावलांची रेघ क्षणाक्षणाला टिपणाऱ्या प्रणालींत शेतकऱ्याच्या अर्जाची तारीख, पंचनाम्याची तारीख आणि पैसे हातीं पडल्याची तारीख हे तीन रकाने नसतील, तर ती प्रणाली अर्धीच मांडलेली आहे असें म्हणावें लागेल. या तीन तारखांमधील अंतर हा रानाला असलेला एक धोकाच आहे, आणि तो मोजण्यास उपग्रह लागत नाहीं.

नोंदी वर जातात. खालीं काय येतें? बहुतेक प्रणाली येथें हरतात. माहिती बीटांतून परिक्षेत्रांत, तेथून विभागांत, पुढें नागपूरला आणि दिल्लीला जाते, आणि ज्यानें ती उन्हांतान्हांत गोळा केली त्याला तिचें पुन्हां दर्शन होत नाहीं. महिन्यांतून एकदां कागदावर छापलेला नकाशा चौकींत परत आला, त्यावर त्याच्या स्वतःच्या वाटा, शेजारच्या बीटांत सांपडलेले फास आणि आटत चाललेले पाणवठे दिसले, म्हणजे पुढच्या महिन्याची गस्त कोठें घालावी हें तोच सांगूं लागतो. गांवकऱ्यांनाही त्यांतील दाखविण्याजोगें दाखवावें.

‘दाखविण्याजोगें’ म्हणण्याचें कारण आहे. वाघ नेमका कोठें आहे हें ज्या वहींत लिहिलेलें असतें, ती शिकाऱ्याला सोन्याहून मोलाची. २०१३ सालीं मध्य प्रदेशांतील पन्ना येथील एका वाघाच्या गळपट्ट्याचे संकेत ज्या ई-पत्रपेटींत येत, ती परक्यानें पुण्याहून उघडण्याचा प्रयत्न केल्याचें वृत्त आलें होतें. तो प्रयत्न फसला. म्हणून कोणी काय पाहावें याच्या पायऱ्या प्रथमच ठरवाव्या. परवलीचा शब्द एका अधिकाऱ्याच्या स्मरणांत ठेवूं नये, कारण अधिकाऱ्याची बदली होते आणि शब्द त्याच्याबरोबर जातो. तीन वर्षांची माहिती कुलुपांत राहते. मोहाचीं फुलें वेंचणाऱ्या बायकांच्या वाटाही या नकाशावर नकळत उमटतात. त्या ‘घुसखोरी’च्या रकान्यांत टाकावयाच्या कीं २००६ च्या वनहक्क कायद्यानें मान्य केलेल्या वहिवाटीच्या, हें यंत्राला कळत नाहीं, रकान्याला नांव देणाऱ्या माणसानें तें आधीं ग्रामसभेशीं बोलून ठरविलेलें असावें.

फेब्रुवारी २०१९ मध्यें याच जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत एका तरुण वाघाला गळपट्टा बांधण्यांत आला. जूनमध्यें तो निघाला. तेलंगणाच्या सीमेंत शिरला, परत आला, पैनगंगेचें अभयारण्य ओलांडून पुसद-इसापूरकडे गेला, हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्हे तुडवीत त्या वर्षाच्या अखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. सुमारें ३,००० किलोमीटरांची ती वाटचाल पांच हजारांहून अधिक नोंदींनीं ठिपक्याठिपक्यानें जगाला दिसली; तो दिवसा बहुधा नाल्यांत आणि झुडपांत दडे आणि रात्रीं शेतांमधून चाले. एप्रिल २०२० मध्यें गळपट्टा काढण्यांत आला. त्यानंतर तो वाघ कोठें आहे हें कळण्यास रानांतील कॅमेरा, ओल्या मातींतील ठसा आणि तो पाहून वनरक्षकानें केलेली नोंद, एवढींच साधनें उरलीं.